शेवटची दोन अक्षरं

पप्पा वाळूजच्या एका कंपनीत तपासणी विभागात होते. गाड्यांचे गिअर तयार होऊन त्यांच्या टेबलावर यायचे आणि ते एकेक उचलून उजेडात फिरवून बघायचे. केसाएवढा ओरखडा दिसला तरी तो गिअर लाल ट्रेमध्ये. ही नजर ते संध्याकाळी घरी घेऊन यायचे. भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं लागलंय, कुकरच्या झाकणाचा दांडा ढिला झालाय, माझ्या वेणीचा एक पेड सैल आहे, हे त्यांना बूट काढता काढता दारातूनच दिसायचं. बजाजनगरातल्या आमच्या गल्लीत कुणी जुनी मोटारसायकल घ्यायची ठरवली, की माणूस आधी ती पप्पांपुढं उभी करायचा. पप्पा उकिडवे बसायचे, चाक फिरवायचे, इंजिनाला कान लावायचे आणि काही न बोलता उठायचे. मान हलली तर सौदा व्हायचा. ‘तांगडेंनी पास केली’ असं लोक अभिमानानं सांगायचे. मलाही अभिमान होता. आपल्या बापाला खोटं फसवू शकत नाही, असं मला वाटायचं, आणि बाप स्वतः खोटं बोलू शकतो हे तर माझ्या डोक्यातही येत नव्हतं.

आमचं घर म्हणजे वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. उन्हाळ्यात स्लॅब असा तापायचा की दुपारी पंखा लावला तरी गरम वाराच अंगावर यायचा. आई खिडकीखाली मशीनवर ब्लाउज शिवत बसलेली असायची. तिच्या मशीनचा आवाज, मागच्या गल्लीतल्या छोट्या कारखान्यातल्या प्रेसचा दर थोड्या वेळानं येणारा दणका आणि शिफ्टच्या बसचा हॉर्न, या तिन्ही आवाजांत मी अभ्यास केला. पाचोडहून आत्या येसूर, म्हणजे आमटीचा भाजका मसाला, करून पाठवायची. तो असला की आई आमटी करायची आणि तिच्या वासानं खालच्या मजल्यावरची माणसं वाटी घेऊन वर यायची. पप्पा भाकरी कुस्करून त्यात आमटी ओतायचे आणि जेवताना कंपनीतल्या गोष्टी सांगायचे. कुठला माल परत पाठवला, कुठल्या साहेबानं ‘जाऊ द्या ना तांगडे’ म्हटलं आणि आपण कसं जाऊ दिलं नाही, याच त्या गोष्टी. आई हसायची आणि म्हणायची, “एक दिवस तुम्हालाच लाल ट्रेमध्ये टाकतील.”

संगणकावरच्या खेळाचं वेड मला सनानं लावलं. अकरावीला आम्ही एका बाकावर होतो. तिचं घर शहागंजात. तिचा मोठा भाऊ नोकरीला आखातात गेला आणि त्याचा संगणक तिच्या वाट्याला आला. कॉलेज सुटलं की मी तिच्याकडे जायचे. तिची अम्मी आधी जेवायला बसवायची आणि मग आम्ही दोघी दार लोटून गाड्या पळवायचो, किल्ले लढवायचो, जंगलातून वाट काढायचो. मी बरी खेळायचे. बरी म्हणजे चांगलीच. इंटरनेटवरून समोर खेळणाऱ्या पोरांना आम्ही मुली आहोत हे माहीत नसायचं आणि ते हरले की आम्ही उशीत तोंड खुपसून हसायचो. पण सनाच्या संगणकात दम नव्हता. खेळाचं चित्र पडद्यावर उभं करण्याचं काम त्यात एक वेगळा भाग करतो, त्याला ग्राफिक्स कार्ड म्हणतात. तिचं कार्ड जुनं झालेलं. नेमकी शर्यत रंगात आली की चित्र अडखळायचं, गाडी हवेत गोठायची आणि आम्ही हरायचो. सना कपाळावर हात मारायची. “आशू, मेरेसे नै होता अब. तू नवा ले. दोनो मिलके खेलते.”

मी पप्पांकडे संगणक मागितला तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला. “कशाला पायजे?”

अभ्यासाला, असं सांगायचं मैत्रिणींनी शिकवलं होतं. पण त्यांच्या नजरेसमोर ते जमलं नाही. मी म्हटलं, “खेळायला.”

पप्पा आईकडे वळून म्हणाले, “बघ, खोटं नाय बोलली. बारावीला चांगले मार्क आण. तुला पायजे तसला घेऊ.”

मार्क आले. त्या वर्षीचा जो उन्हाळा आहे, तो माझ्या लहानपणातला सर्वांत चांगला काळ होता, हे आज लिहितानाही मला कबूल करावं लागतं, आणि म्हणूनच पुढचं लिहायला हात जड होतो. मी सनाच्या घरी बसून कार्डांची परीक्षणं वाचायचे, बघायचे आणि संध्याकाळी जेवताना पप्पांना सांगायचे. अगदी वरच्या दर्जाची कार्डं आपल्यासाठी नव्हतीच. अगदी खालचं घेऊन पैसे फुकट घालवायचे नव्हते. मधल्या फळीतलं एक निवडायचं होतं आणि तिथंच खरी गंमत होती. एका कंपनीचे खोके लाल, दुसरीचे हिरवे, म्हणून आम्ही त्यांना लाल आणि हिरवी अशीच नावं पाडली. लालवाल्यांचं कार्ड जोरदार पळायचं, पण तापायचं आणि वीज फार ओढायचं. हिरवीवाल्यांचं जरा मागं राहायचं, पण थंड चालायचं. पप्पांना इंग्रजी नावं कळत नव्हती, पण प्रश्न मात्र थेट मुद्द्यावरचे असायचे. “ताप किती होतो? पंखे किती? आपल्या इथं लाइट कमीजास्त होती, ते सोसंल का?” मी उत्तर शोधून आणायचे आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा नवा प्रश्न तयार असायचा. आईच्या टेपनं आम्ही संगणकाची पेटी, म्हणजे कॅबिनेट, ठेवायची जागा मापून पाहिली. शेवटी पप्पा म्हणाले, “या खोलीत तापणारं नको. थंड चालणारंच घे. तापलेलं मशीन टिकत नाय.” मग ठरलं. हिरवीवाल्यांचं, दोन पंख्यांचं. त्यात एक मेख होती, ती मी पप्पांना दोनदा समजावून सांगितली. एकाच नंबराची दोन कार्डं मिळायची. एकाच्या नंबराच्या शेवटी दोन अक्षरं जास्त असायची. ती दोन अक्षरं असलेलं कार्ड दमदार, त्याची मेमरी दुप्पट. अक्षरं नसलेलं दिसायला जुळं भावंड, पण पळायला कच्चं. “दोन अक्षरं बघून घ्यायचं,” पप्पांनी घोकल्यासारखं म्हटलं, आणि मला इतका आनंद झाला की मी आईच्या ताटातली चटणी उचलून खाल्ली.

त्याच सुमाराला कंपनीत तपासणी विभागाचे प्रमुख निवृत्त होणार होते. त्यांच्या जागेवर कुणाला घ्यायचं ते साहेबांच्या हातात होतं. जेवणाच्या सुट्टीत पप्पांनी कौतुकानं माझ्या संगणकाचा विषय काढला असणार. साहेब म्हणाले, “अरे तांगडे, आमच्या मेहुण्याचं दुकान आहे की शहरात. तिथूनच घ्या. घरच्यासारखं करून देईल.”

मला जायचं होतं दुसऱ्या दुकानात. त्याच्याकडे बंद खोक्यातलं कार्ड होतं, सनाच्या ओळखीच्या दोघांनी तिथूनच माल घेतला होता. मी तसं म्हटलं. पप्पा शर्टाची बाही दुमडत म्हणाले, “साहेबांनी स्वतःहून सांगितलंय. नाय कसं म्हणायचं?”

मेहुण्यांना सगळे शिरीषभाऊ म्हणायचे. पन्नाशीचे, गोड बोलणारे. आम्हाला थंड पाणी दिलं, पप्पांना खुर्ची दिली. मला ‘बेटा’ म्हणाले. मी कार्डाचं नाव सांगितल्यावर आतून खोकं आणलं. खोक्यावर ती दोन अक्षरं होती. पण खोक्याचं सील कापलेलं होतं.

“हे उघडलेलं आहे काका,” मी म्हटलं.

“आम्हीच टेस्टिंगला उघडतो बेटा. कस्टमरला खराब माल जायला नको.”

“मला बंद खोकं पाहिजे.”

शिरीषभाऊ माझ्याशी न बोलता पप्पांकडे बघून हसले. “आजकालची पोरं मोबाइलवर दोन गोष्टी बघतात अन् आपल्यालाच शिकवतात. हो की नाही, तांगडेसाहेब?” पप्पांना आयुष्यात कुणी साहेब म्हटलं नव्हतं. ते म्हणाले, “आशू, भाऊ सांगायलेत ना.” मी कार्ड हातात मागेपर्यंत आतल्या माणसानं ते कॅबिनेटमध्ये बसवून वरचं झाकणसुद्धा लावलं होतं.

घरी आणल्यावर पहिल्या संध्याकाळी सगळी गल्ली बघायला आली. आईनं मशीनवरचं कापड बाजूला करून जागा दिली. मी गाड्यांची शर्यत लावली तेव्हा पप्पा माझ्या मागं उभे राहून “डावीकडून घे, डावीकडून” असं ओरडत होते. चित्र फार सुंदर नव्हतं, पण मी बोलले नाही. नंतर एका दुपारी खेळता खेळता पंखे किंचाळल्यासारखे फिरायला लागले आणि पडदा काळा झाला. पुन्हा सुरू केला, पुन्हा काळा. सना तिचं जुनं कार्ड पिशवीत घालून बसनं बजाजनगरला आली. तिचं कार्ड माझ्या संगणकात लावलं, चाललं. माझं कार्ड तिच्याकडे नेऊन लावलं, पडदा काळा. तो काळा व्हायच्या आधी कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम आम्ही चालवला. त्यात नाव आलं, पण शेवटची दोन अक्षरं नव्हती. मेमरी निम्मीच.

“आशू,” सना म्हणाली, “ये वो कार्डच नै है. खोका अलग, माल अलग.”

पप्पा पहिल्या शिफ्टहून आले तेव्हा मी कार्ड आईच्या मशीनवर पांढऱ्या कापडावर ठेवलं होतं. त्यांनी डबाही खाली ठेवला नाही. कार्ड उचललं आणि खिडकीच्या उजेडात फिरवून बघितलं, जसे ते गिअर बघत असतील तसं. अंगठा एका स्क्रूवरून फिरवला. “याचं डोकं झिजलंय,” ते म्हणाले. “चार वेळा तरी खोललेलं आहे हे.” मग पंख्याच्या मागं फुंकर मारली. काळी धूळ उडाली, चिकट, वर्षांची. “जुनं आहे. कुठंतरी दिवसरात्र चालवून काढलंय.” त्यांचा चेहरा रागानं लाल झाला होता. “रविवारी जाऊ. त्याच्या टेबलावर आपटतो.” आईनं कार्डासाठी अस्तराच्या कापडाची पिशवी शिवून दिली. मला तेव्हा काय वाटलं होतं ते लख्ख आठवतं. कार्ड गेल्याचं दुःख पार पळून गेलं होतं. पप्पा शिरीषभाऊंना कसे धुतात हे बघायची मला घाई झाली होती.

रविवारी आम्ही दुकानात शिरलो तेव्हा शिरीषभाऊंच्या शेजारी साहेब बसले होते. त्यांच्या हातात चहाचा कप होता. मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं, पण पप्पांच्या खांद्यांवरून मला कळलं. ते खांदे माझ्या डोळ्यांदेखत खाली आले.

“अरे तांगडे! या, या. काय, संगणक काय म्हणतोय?” साहेब म्हणाले.

पप्पांनी पिशवी काउंटरवर ठेवली, आपटली नाही. शिरीषभाऊंनी कार्ड बाहेर काढलं, उलटसुलट केलं आणि शांतपणे म्हणाले, “हे तर खोललेलं दिसतंय. घरी कुणी हात लावला का?”

मी पप्पांकडे बघितलं. आता ते सांगतील, झिजलेल्या स्क्रूचं, धुळीचं, दोन अक्षरांचं. सगळं त्यांना माहीत होतं, माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. पप्पांनी साहेबांकडे बघितलं, मग काउंटरच्या काचेकडे. आणि ते हसले. तसं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

“काय सांगू भाऊ,” ते म्हणाले, “पोरगी लई उचापती आहे. हिनंच पेचकस घेऊन खोललं असंल.”

“पप्पा, मी नाही—”

“गप.” आवाज चढवला नाही त्यांनी. “मोठ्या माणसांसमोर उलट बोलू नाय. काकांना सॉरी म्हण.”

साहेब कपातून घोट घेता घेता माझ्याकडे बघत होते. शिरीषभाऊ क्षमा करायला तयार होऊन उभे होते. मी ‘सॉरी’ म्हटलं. शिरीषभाऊंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “असू दे, असू दे, लेकरू आहे. हे कार्ड तर गेलं. पण हे घे, साधं कार्ड आहे, काम चालेल तुझं. भाचीला गिफ्ट समज.” त्या साध्या कार्डावर एकही खेळ धड चालत नाही हे त्या दुकानात मला आणि त्यांना, दोघांनाच माहीत होतं. पप्पांनी त्यांचे आभार मानले. हात जोडून.

परतताना रेल्वे स्टेशनच्या पुढं त्यांनी गाडी थांबवून उसाचा रस घेतला. माझ्याकडे न बघता ग्लास पुढं केला आणि “ऊन लई आहे,” एवढंच बोलले. मी ग्लास धरला, प्यायले नाही, रसवाल्याच्या बादलीत ओतला. ते त्यांनी पाहिलं आणि गाडीला किक मारली. घरी आईनं विचारलं तर पप्पा पाय धुता धुता म्हणाले, “हिनंच खोललं होतं.” आईनं माझ्याकडे बघितलं. “कशाला हात लावायचा गं नसत्या गोष्टीला?” ती म्हणाली आणि पुन्हा मशीन चालवायला लागली.

सना पेटून उठली होती. “चल, मै आती. दुकान के सामने खडी रहके चिल्लाती.” मी नको म्हटलं. ओरडून काय सांगायचं होतं? पप्पांनी नुसती दुकानदाराची बाजू घेतली असती तर मी ओरडले असते. इथं माझ्या बापानं मला विकलं होतं आणि ते सनाला सांगायला माझी जीभ वळत नव्हती. पुढं तिचं लग्न होऊन ती हैदराबादला गेली. तोवर आमचं खेळणं कधीच थांबलं होतं.

पप्पांना ती जागा मिळाली. गल्लीत पेढे वाटले. त्यांनी निळ्याऐवजी पांढरा शर्ट घालायला सुरुवात केली आणि जेवताना परत पाठवलेल्या मालाच्या गोष्टी बंद झाल्या. त्याऐवजी दुसरी गोष्ट सुरू झाली. पाहुणे आले की पप्पा सांगायचे, “आमच्या आशूनं तर कोरं करकरीत कार्ड पेचकसानं खोलून टाकलं!” पाचोडला आत्याच्या घरी सांगितली, चुलत्यांना सांगितली. दरवेळी थोडी भर पडायची. कधी मी त्यात पाणी सांडायचे, कधी शॉक खायचे. लोक हसायचे. मला संगणकाच्या शाखेला जायचं होतं, तेव्हा पप्पा आईला म्हणाले, “हिच्या हातात यंत्र टिकत नाय. कॉमर्सच बरं.” आणि मी कॉमर्सला गेले. सगळ्यांत वाईट सांगायचं तर, मधे काही वर्षं माझाच माझ्यावर भरवसा राहिला नव्हता. आपण खरंच तो स्क्रू काढला होता की काय, असं बँकेत नोकरीला लागल्यावर हिशेब तपासता तपासता मनात यायचं आणि मी मान झटकून पुढचा आकडा बघायचे. माझ्या साखरपुड्यात पप्पांनी सासऱ्यांना ती गोष्ट ऐकवली तेव्हा सासरे म्हणाले, “मग मिक्सर हिच्यापासून लांब ठेवावा लागेल.” सगळा हॉल हसला. पप्पा सर्वांत मोठ्यानं. मी पुढच्या माणसाला चहा दिला.

आता माझेही केस पांढरे व्हायला लागलेत. माझी मुलगी तिच्या खोलीत खेळत असते, चांगल्या कार्डावर. ते मी आणलं. सील बघून आणलं. तिच्याबरोबर खेळायला बस म्हणते, पण मला हौस राहिलेली नाही.

पप्पा गेल्या वर्षी वारले. दोन दिवसांचं दुखणं, फार त्रास झाला नाही. मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारायचं ठरवून दोनतीनदा बजाजनगरला गेले, पण ते म्हातारे झाले होते, फाटकापर्यंत सोडायला यायचे, आणि मी न विचारताच परत यायचे. तेराव्याला जेवणं झाल्यावर माणसं सावलीत बसली होती. कंपनीतले जुने सहकारी पप्पांची नजर, पप्पांचा कडकपणा यांवर बोलत होते. कुणीतरी म्हणालं, तांगडेंनी आयुष्यात खोटा माल पास केला नाही. चुलत्यांनी मग वातावरण हलकं करायला ती कार्डाची गोष्ट काढली. लोक डोळे पुसत हसले. मी उठून आत गेले.

आई स्वयंपाकघरात पाटावर बसली होती. बाहेरचं तिला ऐकू येत होतं. मी पाणी घेतलं तशी ती हळू आवाजात म्हणाली, “तू खोललं नव्हतंस. मला ठाऊक आहे.”

मी ग्लास घेऊन तिच्याकडे वळले.

“त्यांनी त्याच संध्याकाळी सांगितलं होतं मला, गच्चीवर. रडले होते. म्हणले, पोरीला पुढं केलं मी.”

“त्याच संध्याकाळी?”

“व्हय.”

“मग इतकी वर्षं तू पण— आई, तू पण हसायचीस गं सगळ्यांबरोबर.”

आईनं पदर खांद्यावर घेतला. “बोलून काय झालं असतं? त्यांची जागा गेली असती. घर कसं चाललं असतं? तू शहाणी होतीस. मला वाटलं, तुला आपोआप समजंल.”

बाहेर कुणीतरी आणखी काहीतरी सांगितलं आणि पुन्हा हसण्याचा आवाज आला. आई माझ्याकडे बघत होती, वर तोंड करून, माझ्या तोंडून काहीतरी यावं म्हणून. तिला काय हवं होतं ते मला कळत होतं. मी ते म्हटलं नाही. ग्लास ओट्यावर ठेवला, बाहेर आले, हसणाऱ्या माणसांच्या मधोमध उभी राहिले आणि म्हणाले, “ते कार्ड मी खोललं नव्हतं. पप्पा खोटं बोलले होते.”

चुलते खाली बघायला लागले. एक आजोबा म्हणाले, “आज तरी बाई बापाला असं बोलू नये.” आणि सगळ्यांनी मान हलवली.